‘शारदा’ बसवण्याआधी ‘शारदा’ वाचायची कशी

कोकणात गणपतीत, कार्तिक-मार्गशीर्षातल्या जत्रेत, नाहीतर वाडीच्या सत्यनारायणाला गावकीचे नाटक उभे राहते, आणि संगीत नाटक करायची हौस असेल तर ‘संगीत शारदा’चे नाव हमखास निघते. पात्रे ठरतात, पेटी नाहीतर ऑर्गन येतो, आणि पहिल्याच संध्याकाळी पदांची तालीम सुरू होते. गोंधळ इथेच होतो. पदे बसतात, गद्य घोकून पाठ होते, पण कोण कशासाठी काय बोलतोय हे प्रयोगाच्या रात्रीपर्यंत कोणालाच नीट माहीत नसते. ‘शारदा’ 1899 साली किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणली. म्हणजे तिची भाषा सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्यातले जग त्याहून लांबचे वाटावे असे आहे. ती आधी वाचावी लागते.

गोविंद बल्लाळ देवल यांच्या सात नाटकांपैकी हे एकच पूर्णपणे त्यांच्या मनातले. ‘मृच्छकटिक’, ‘झुंझारराव’, ‘संशयकल्लोळ’ यांच्या मागे कुठले ना कुठले संस्कृत किंवा परदेशी नाटक उभे आहे. ‘शारदे’मागे मात्र आजूबाजूची घरे होती. देवल स्वतः नटांना शिकवणारे, तालमी घेणारे. त्यामुळे त्यांचे वाक्य तोंडात बसते. बसत नसेल तर बहुतेक वेळा शब्द किंवा नाते समजलेले नसते. म्हणून वाक्य अवघड वाटले की लगेच बदलू नका, आधी का अडले ते शोधा.

कथा सगळ्यांना ठाऊक आहे असे धरू नका. पहिल्या बैठकीत ती पाच-सहा वाक्यांत सांगून टाका. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली मुलगी शारदा धनाढ्य म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित सौदा जुळवतो. आई इंदिराकाकू तळमळते, पण तिचे चालत नाही. तरुण कोदंड हे लग्न मोडायला उभा राहतो आणि वधूवर सगोत्र असल्याचे उघड होऊन लग्न ऐनवेळी मोडते. मग अर्धवट लग्न लागलेल्या मुलीचे काय, हा प्रश्न उरतो. ती जीव द्यायला निघते, कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या निर्णयाने दोघांचे लग्न होते.

संहिता कोणती घ्यायची

दोन प्रती मिळवा: एक मूळ संहितेची, एक अलीकडची रंगावृत्ती. मूळ नाटक पाच अंकी आहे आणि ते रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांच्या काळातले आहे. आज अडीच-तीन तासांत बसवायचे तर कापावे लागतेच, स्पर्धेसाठी तर आणखी. पण कापाकापी पहिल्या आठवड्यात करू नका. आधी पूर्ण संहिता दोनदा मोठ्याने वाचा आणि पेन्सिलीने तीन गोष्टींखाली रेघ मारा: वय, पैसा आणि गोत्र किंवा विधी. या तिन्हींपैकी काहीही ज्या वाक्यात आहे ते वाक्य कापण्याआधी पुढे ते कुठे लागते ते बघा. ही वाक्ये वाचायला रुक्ष वाटतात म्हणून सगळ्यात आधी हीच उडतात. मग लग्न मोडते तेव्हा प्रेक्षकाला वाटते की कारण आभाळातून पडले.

जुन्या प्रतीतले अनुस्वार पाहून नवी मुले दचकतात. ‘करितों’, ‘घरीं’, ‘लग्नाचें’, ‘देवें दिलें’. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे हे अनुस्वार गेले, त्यामुळे नव्या प्रतीत ते दिसत नाहीत. रंगमंचावर ते नाकातून म्हणायचे नाहीत. पण वाचताना त्यांचा फार उपयोग होतो, कारण ते व्याकरण सांगतात. ‘देवें’ म्हणजे देवाने. ‘घरीं’ म्हणजे घरात. ‘मी जातों’ आणि ‘तो जातो’, ‘मी जातें’ आणि ‘ती जाते’ यांतला फरक त्या टिंबात आहे. पदात कर्ता गाळलेला असतो तेव्हा बोलणारा स्वतःबद्दल बोलतोय की दुसऱ्याबद्दल, हे त्या टिंबावरून कळते. मालवणी बोलणाऱ्यांना हे चटकन समजावे, कारण ‘माझां घर’ म्हणताना त्यांच्या नाकात तो आवाज अजून आहे आणि तो ‘माझें घर’मधल्या अनुस्वाराच्याच जागी आहे. तेव्हा निदान पदांसाठी तरी जुनी प्रत समोर ठेवा.

वही

प्रत्येकाने स्वतःच्या हाताने आपली नक्कल उतरवायची. पूर्वीच्या नाटक मंडळ्यांत नटाला पूर्ण नाटक मिळत नसे. त्याची वाक्ये आणि आधीच्या बोलणाऱ्याचे शेवटचे दोन-तीन शब्द एवढेच मिळत, त्याला नक्कल म्हणत. आपण तेवढ्यावर थांबायचे नाही. दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर समोरच्याचे पूर्ण वाक्य आणि आपले वाक्य, ओळीआड ओळ सोडून. उजवे पान मोकळे. मोबाइलवर फोटो काढून वाचणाऱ्याचे पाठांतर होते, पण खुणा करायला जागा राहत नाही आणि समोरच्याचे वाक्य तो वाचतच नाही. नुसता आपली पाळी कधी येते ते बघत राहतो.

उजव्या पानावर प्रत्येक वाक्यासमोर चार उत्तरे लिहायची, तीही दोन-तीन शब्दांत. हे कोणाला म्हणतोय? त्याच्याकडून काय हवे आहे? काय लपवतोय? आणि हे म्हणण्याआधी क्षणभर काय ऐकले? तिसरा प्रश्न ‘शारदे’त सगळ्यात मोलाचा. या नाटकात सरळ बोलणारी माणसे फार थोडी. बाप पैशाबद्दल बोलतो तेव्हा मुलीच्या सुखाची भाषा वापरतो, मध्यस्थ स्वतःच्या फायद्याबद्दल बोलतो तेव्हा धर्माची भाषा वापरतो. नमुन्यादाखल एक साधे वाक्य घ्या, हे नाटकातले नाही: ‘पोरीचं कल्याण झालं.’ कांचनभटाने ते बायकोला म्हटले तर तो तिचे तोंड बंद करतोय. भद्रेश्वराने कांचनभटाला म्हटले तर तो सौदा पक्का करतोय. मैत्रीण वल्लरीने शारदेला म्हटले तर ती टोमणा मारतेय. शब्द तेच, पण उजव्या पानावरची उत्तरे तीन आणि म्हणून आवाजही तीन.

स्वगत, जनांतिक (इतरांना ऐकू न जाता एकाच पात्राशी बोलणे) आणि प्रकट यांच्या खुणा वेगळ्या रंगाने करा. स्वगतात माणूस स्वतःशीही खोटे बोलू शकतो, तेव्हा तिथेही तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहायचेच.

घरच्या बोलीची कसोटी

ओळ समजली की नाही हे तपासायची कोकणातली सगळ्यात चांगली रीत म्हणजे ती घरच्या बोलीत सांगून बघणे. सिंधुदुर्गात मालवणी, रत्नागिरीकडे संगमेश्वरी, रायगडच्या किनाऱ्यावर आगरी. वाक्य वाचा, वही मिटा, आणि आईला सांगाल तसे सांगा. सांगता आले नाही तर ते समजलेले नाही, पाठ कितीही असो.

या नाटकातली सर्वांत गाजलेली ओळ घेऊ: ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’. तालमीत विचारले की पुष्कळ तरुण सांगतात, ‘म्हातारा आहे असं म्हणतात.’ एवढेच. पाऊणशे म्हणजे किती, हे धडपणे सांगता येत नाही. पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश, शंभराचे पाऊण म्हणजे पंच्याहत्तर. मालवणीत सांगायचे तर: ‘तसो काय म्हातारो नाय हां तो, पंच्याहत्तरच तर झाली!’ हे एकदा तोंडातून निघाले की पोरांना हसू येते, आणि ते यायलाच हवे. ओळ वरवर म्हाताऱ्याची बाजू घेते, आणि बाजू घेता घेताच त्याला उघडे पाडते.

आता मूळ ओळीकडे परत या. ‘न’ हा शब्द ‘इतुका’चा आहे. ‘म्हातारा इतुका’ म्हणून श्वास घेतला आणि ‘न अवघे पाऊणशे’ असे जोडले तर अर्थ मोडतो. श्वास ‘न’च्या नंतर. गाणारा ताना घेत असेल तरी ‘इतुका न’ हे दोन शब्द एका श्वासात ठेवा. ‘अवघे’ म्हणजे ‘फक्त’, त्यावर वजन. पाऊणशेवर वजन दिले तर वयाचा आकडा ऐकू येतो. अवघेवर दिले तर थट्टा ऐकू येते. पुढच्या ‘लग्ना अजुनी लहान’मध्ये ‘लग्ना’ म्हणजे लग्नाला. पदात विभक्तीचा प्रत्यय असा आखूड होतो.

मग येते ‘दंताजींचे ठाणे उठले’. या तीन शब्दांवर एक अख्खी संध्याकाळ घालवली तरी वाया जाणार नाही. ठाणे म्हणजे लष्कराची चौकी, शिबंदी. ठाणे उठणे म्हणजे फौजेने मुक्काम हलवणे, जागा सोडून जाणे. आणि दाताला ‘दंताजी’ केले आहे, दत्ताजी, बाजी, जानोजी अशा सरदारांच्या नावांसारखे. म्हणजे दात पडले असे न म्हणता दंताजीराव सरदारांनी आपली छावणी हलवली असे म्हटले आहे. ‘ठाणे’ म्हणजे पोलीस ठाणे किंवा ठाणे शहर एवढेच माहीत असलेल्या मुलाला हे चित्र दिसणारच नाही. त्याला सिंधुदुर्गाच्या किंवा विजयदुर्गाच्या तटावरची चौकी दाखवा. ‘नन्ना म्हणे मान’मध्ये म्हाताऱ्याची मान थरथरते आणि ती लग्नाला नाही, नाही म्हणतेय असे दिसते. त्याचे शरीरच या लग्नाला नकार देतेय आणि त्याला ते ऐकू येत नाही, कारण त्याचे ‘फुटले दोन्ही कान’. हे पद म्हणणाऱ्याने म्हाताऱ्याची नक्कल करून वाकून चालायचे नाही. शब्दच ते काम करतात. हात स्थिर, चेहरा गंभीर, जणू वराची स्थळपत्रिका वाचतोय, असे म्हटले तर हशा येतो. नक्कल केली तर पहिल्या ओळीला येतो आणि चौथ्या ओळीला संपतो.

‘मूर्तिमंत भीति उभी मजसमोर राहिली’ हे दुसरे मोठे पद. घरच्या बोलीत सांगा: ‘भीतीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली.’ इथे कर्ता भीती आहे. शारदा ‘मला भीती वाटते’ असे म्हणत नाही. भीतीला हातपाय फुटले आहेत आणि ती समोर आहे. म्हणून नजर एका ठिकाणी खिळलेली हवी. पदाच्या करुण स्वरात वाहवत जाऊन डोळे मिटून गाणाऱ्या शारदा पुष्कळ दिसतात. गाणे गोड होते, पण भीती नाहीशी होते. आधी आठ दिवस हे पद नुसते बोलून घ्या, सुराशिवाय, एका खुंटीकडे किंवा खांबाकडे बघत. मग पेटीवर बसवा.

बोलीची ही कसोटी तालमीपुरतीच. प्रयोगात मूळ शब्दच म्हणायचे. दशावतारी कलावंताला हे जड जाते, आणि त्याचे कारण त्याच्या कौशल्यातच आहे. दशावतारात आख्यान ठरते आणि संवाद रंगमंचावर उभे राहून आपल्या बुद्धीने रचायचे असतात. असा माणूस ‘शारदे’त आला की दोन वाक्ये मूळ बोलतो आणि तिसरे स्वतःचे घालतो. ते वाक्य चांगलेही असते. पण समोरच्याला आपली ओळ कुठे म्हणायची ते कळत नाही आणि पुढचे पद ज्या शब्दावर उचलायचे तो शब्दच येत नाही.

त्याच्या या ताकदीचा उपयोग दुसरीकडे करून घ्या. नाटकात न दाखवलेले प्रसंग तालमीत उत्स्फूर्त बोलून बघायचे. भद्रेश्वर आणि कांचनभट यांची पैशावरून झालेली ओढाताण, दोघेच, माजघरात, दिवा बारीक करून. दहा मिनिटे, मालवणीत. किती मागितले, किती कमी केले, पहिल्यांदा आवाज कोणी खाली आणला? मग इंदिराकाकूने दाराआडून ऐकले आणि ती आत आली, असे धरा. ‘बापाशीन चेडवाचे पैशे घेतल्यान’ (बापाने मुलीचे पैसे घेतले) हे वाक्य तिच्या तोंडून एकदा निघाले की मूळ संहितेतल्या तिच्या शांत वाक्यांखाली काय खदखदतेय ते सगळ्यांना कळते. असे तीन-चार प्रसंग पुरेत. प्रत्येक प्रसंगात दशावतारी माणूस एका बाजूने उभा करा. बाकीचे त्याच्याकडून शिकतात.

हुंडा नव्हे

आजचा प्रेक्षक आणि आजचा नट लग्नातला पैसा म्हटला की हुंडा धरतो. ‘शारदे’त पैसा उलट्या दिशेने जातो. वर बापाला पैसे देतो, बाप मुलगी विकतो. यालाच कन्याविक्रय म्हणत. कित्येक समाजांत वधूच्या बापाला मिळणाऱ्या रकमेला देज असा शब्द होता. धर्मशास्त्राच्या आठ विवाहप्रकारांत धन घेऊन मुलगी देणे हा आसुर विवाह, निंद्य मानलेला. कांचनभट स्वतः भट आहे, हे त्याला माहीत नसणे शक्यच नाही. म्हणून तो पैसा हा शब्द टाळतो. तो टाळताना नटाचा आवाज कसा होतो, हात कुठे जातो, यात ती भूमिका आहे.

कायद्याचीही एक गल्लत होते. 1929 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला जातो. तो हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून. नाटकावरून नव्हे. त्या कायद्याने मुलीचे किमान वय 14 आणि मुलाचे 18 केले. नाटक त्याच्या तीस वर्षे आधीचे. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने, ज्याने संमतीचे वय 10 वरून 12 केले, महाराष्ट्रात मोठा वाद उठवला होता, आणि ‘शारदे’च्या पहिल्या प्रेक्षकांच्या मनात तो ताजा होता. कोदंड बोलायला उभा राहतो तेव्हा त्याच्या पाठीशी कायदा नाही, हे त्या नटाने लक्षात ठेवावे. त्याच्या हातात फक्त शास्त्र आणि शब्द आहेत.

लग्नाच्या प्रवेशासाठी विधींचा क्रम फळ्यावर लिहून ठेवा: वाङ्निश्चय, सीमांतपूजन, मंगलाष्टके, कन्यादान, पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी. घराण्यागणिक थोडा फरक पडतो. सातवे पाऊल पडले की विवाह पुरा झाला, तो मोडत नाही. त्याआधी थांबला तर मुलगी ना धड कुमारिका ना धड विवाहित. शेवटच्या भागातला सगळा ताण या एका फटीत आहे. मंडपात पुढचा प्रत्येक विधी होतोय म्हणजे सुटकेचा वेळ कमी होतोय, हे गर्दीतल्या मुक्या पात्रांनाही ठाऊक हवे. गावातल्या भटजींना एक दिवस तालमीला बोलवा आणि कोणत्या विधीला कोण कुठे बसते, हात कोणाचा कुठे असतो ते बघून घ्या. अंतरपाट कोणत्या बाजूने धरायचा यावर रंगमंचावर घोटाळा झालेला प्रेक्षकांतल्या बायकांना पहिल्यांदा दिसतो.

माणसे

नावांपासून सुरुवात करा, देवलांनी ती ठेवताना विचार केलेला आहे. कांचन म्हणजे सोने. भुजंग म्हणजे साप, आणि संस्कृतात विषयी माणसालाही भुजंग म्हणतात. कोदंड म्हणजे धनुष्य. इंदिरा हे लक्ष्मीचे नाव, शारदा सरस्वतीचे. सोन्यामागे लागलेल्या भटाच्या घरात लक्ष्मी आणि सरस्वती दोघीही गप्प बसलेल्या आहेत.

भुजंगनाथ करणाऱ्याची ठरलेली चूक म्हणजे खोकला, कंप आणि काठी. तीन मिनिटांत लोकांना कंटाळा येतो. भुजंगनाथाला स्वतःला आपण म्हातारे वाटत नाही, आणि नटाने तेच धरायचे. ‘श्रीमंत’ ही हाक पैशाची आहे तशी मानाचीही. पेशव्यांनाही श्रीमंतच म्हणत. ती हाक आली की त्याची पाठ ताठ होते, आणि ताठ केलेली पाठ थोड्या वेळाने आपोआप वाकते. एवढी एकच हालचाल पकडली तरी पुरे. ‘उसनी घेउनि ऐट’ हे शब्द ‘म्हातारा इतुका न’ याच पदात आहेत; ऐट उसनी आहे, खोकला उसना नाही.

भद्रेश्वर दीक्षिताला खलनायक करू नका. असा माणूस प्रत्येक गावात असतो: जमिनीचे व्यवहार जुळवणारा, दोन्ही घरी चहा पिणारा, कोणाकडूनही शब्दात न सापडणारा. तो कधी घाई करत नाही. त्याची वाक्ये इतरांच्या वाक्यांपेक्षा किंचित सावकाश, शेवटचा शब्द खाली सोडून.

कांचनभट करणाऱ्याने हसायचे टाळावे. लोभी माणूस हसत नाही, मोजतो. मनात आकडे चालू ठेवा, अगदी खरे आकडे. तालमीत प्रवेशाआधी शंभरापर्यंत सातांच्या पटीत मोजून आत या, डोळ्यांत फरक दिसतो.

इंदिराकाकूला वाक्ये कमी वाटतात म्हणून ही भूमिका नवख्या बाईला दिली जाते. ती जाणत्या बाईला द्या. त्या काळी बायको नवऱ्याला नावाने किंवा ‘तुम्ही’ म्हणून सहज हाक मारत नसे. ‘इकडून’, ‘इकडची स्वारी’, ‘तिकडे विचारून’ अशी आडवळणाची भाषा होती. अशा भाषेत विरोध करायचा तर वाक्याला धार कुठे ठेवायची? क्रियापदावर. नाव नाही, सर्वनाम नाही, उरते फक्त क्रियापद. तिच्या प्रत्येक वाक्यातले क्रियापद वहीत गोल करून ठेवा. आणि ती ज्या प्रवेशात गप्प उभी आहे तिथे तिने कोणत्या शब्दाला मान वर केली, कोणत्या शब्दाला पदर नीट केला, हेही उजव्या पानावर लिहा. बापाला विरोध आईने करायचा आणि तिला करता येत नाही, यावर अर्धे नाटक उभे आहे.

शारदा पहिल्या प्रवेशापासून रडवी दाखवली की पुढे चढायला जागा राहत नाही. मैत्रिणींबरोबरच्या प्रवेशांत ती मुलगी आहे, खेळकर आहे. वल्लरी आणि इतर मुलींनी त्या प्रवेशांची तालीम सागरगोटे खेळत करावी; हात कामात असले की बोलणे हलके होते. शारदेचे भ्यायला लागणे हळूहळू व्हावे. वहीत तिच्या प्रत्येक प्रवेशाला एक ते दहा असा भीतीचा आकडा द्या, आणि दोन प्रवेशांत तो आकडा खालीही उतरवा, कारण मुलीला मधेच आशा वाटते. बालगंधर्वांनी ही भूमिका केली, त्यामुळे गाण्याच्या ओढीने ती गायिकेची भूमिका ठरून बसली आहे. गाता येत असेल तर उत्तमच. पण दोन मुलींतून निवडायची वेळ आली तर ऐकताना चेहरा बोलतो ती घ्या.

कोदंडाचा धोका भाषण. लांब वाक्ये, संस्कृत शब्द, सात्त्विक संताप. नट ती प्रेक्षकांकडे तोंड करून ठोकतो आणि टाळ्याही मिळतात. त्या भाषणाचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याला कोणाला उद्देशून ते लिहा: हे कांचनभटाला, हे भुजंगनाथाला, हे जमलेल्या मंडळींना, हे स्वतःला. पंधरा ओळींच्या भाषणात असे चार-पाच तुकडे निघतात. मान वळली की आवाज आपोआप बदलतो.

उच्चार आणि वेळ

तत्सम शब्दांतला ‘च’ आणि ‘ज’ तालव्य: वचन, कांचन, जननी यांतला ‘च’-‘ज’ चंद्र, जन्म यांतल्यासारखा. ‘चाकर’, ‘जाच’ यांतला वेगळा. ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होत असेल तर रोज दहा मिनिटे पाऊणशे, गुणी, बाळ, वेळ असे शब्द घोळवून घ्या. शहरी उच्चार करायच्या नादात वाक्याची लय हरवू देऊ नका. कोकणातल्या बोलण्यातला शेवटच्या अक्षराचा हेल भद्रेश्वराला आणि मैत्रिणींना शोभतोही. कोदंडाला आणि शंकराचार्यांना नाही.

गणपतीतला प्रयोग असेल तर अर्धी पात्रे मुंबईत असतात आणि चतुर्थीच्या दोन दिवस आधी गाडीतून उतरतात. त्यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर संवाद पाठवताना समोरच्या पात्राची वाक्येच ध्वनिमुद्रित करा आणि मधे रिकामी जागा सोडा. चाकरमान्याचे स्वतःचे वाक्य दुसऱ्याच्या आवाजात पाठवलेत तर तो तोच सूर उचलतो आणि मग तो काढता निघत नाही. वाचन, वही आणि बोलीची कसोटी यांना पहिले तीन आठवडे. उभ्या तालमी चार आठवडे. पदांसकट सलग प्रयोग शेवटच्या आठवड्यात रोज एक. मुंबईकरांच्या वह्यांचे उजवे पान आधी मागवून घ्या, फोटो चालेल. ते कोरे आले तर त्या पात्राचे प्रवेश उतरल्या दिवशी आधी बसून वाचायचे, मग उभे करायचे, झोपायला कितीही वाजले तरी.

प्रॉम्प्टर विंगेत उभा असतो त्याच्या हातात मूळ प्रत नको, कापलेली अंतिम प्रत हवी, आणि तीत श्वासाच्या जागा लाल रेघेने दाखवलेल्या. नट थांबला म्हणजे विसरला असे नव्हे. ‘इतुका न’ नंतरच्या रेघेवर प्रॉम्प्टरने घाईने ‘अवघे’ पुटपुटले तर पहिल्या तीन रांगांना ते ऐकू जाते. पावसाच्या आवाजात पत्र्याखाली प्रयोग असेल तर त्याला उलट मोठ्याने बोलावे लागेल. तेव्हा त्याची जागा ऑर्गनच्या विरुद्ध बाजूच्या विंगेत ठेवा.